वृद्धाश्रमांतील हेळसांड आणि उत्तरदायित्वाचा प्रश्न : नृसिंहवाडी परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

कृष्णा व पंचगंगा यांच्या संगमावर वसलेले शिरोळ तालुक्यातील नृसिंहवाडी हे दत्तसंप्रदायाचे प्रमुख क्षेत्र होय. उतारवयात संसारातून मोकळे होऊन वाडीला जाऊन राहावे, पहाटेच्या आरतीला उभे राहावे, संगमावर स्नान करावे आणि देह ठेवावा, अशी इच्छा आपल्या भागातील अनेक घरांतील मागच्या पिढीने बोलून दाखविलेली आहे. आजही घाटाच्या पायऱ्यांवर काठी टेकीत उतरणारे वृद्ध दिसतात. त्यांपैकी काही त्याच दिवशी परत जाणारे असतात, तर काहींना परत जाण्यासारखे घर उरलेले नसते.

या क्षेत्राची एक गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची वाटते. पावसाळ्यात नदीचे पाणी मंदिरात शिरू लागले म्हणजे उत्सवमूर्ती वरच्या बाजूस हलविण्याची ठरलेली पद्धत वाडीत आहे. कोणी हलवावयाची, केव्हा, कोठे, हे विचारावे लागत नाही. २००५, २०१९ व २०२१ या तिन्ही महापुरांत या परिसराने अतोनात हाल सोसले. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट मानली जाते. २०१९ व २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. अशा वेळी स्वतःहून कूस न बदलू शकणाऱ्या वृद्धाला कोणी उचलावयाचे, हा प्रश्न विचारला तर मात्र मंदिराइतके निःसंदिग्ध उत्तर मिळत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय पूर हा नाही. परंतु ‘हे काम नेमके कोणाचे’ या प्रश्नाला उत्तर असणे व नसणे यांतील अंतर पुराच्या वेळी जितके स्पष्ट दिसते तितके एरवी दिसत नाही, म्हणून हा उल्लेख प्रारंभी केला आहे.

‘उत्तरदायित्व’ हा संस्कृतप्रचुर शब्द आपण शोधनिबंधांत वापरतो. बोलताना आपण ‘जबाबदारी’ म्हणतो. दोन्ही शब्दांच्या पोटात ‘उत्तर’ किंवा ‘जबाब’ आहे, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. जबाब देण्यासाठी आधी कोणीतरी सवाल करावा लागतो. वृद्धाश्रमांच्या बाबतीत सवाल करणारा कोण, हाच खरा प्रश्न आहे.

हेळसांड म्हणजे काय :

वृद्धांवरील अत्याचाराची जी व्याख्या २००२ च्या टोरांटो जाहीरनाम्यात करण्यात आली व जागतिक आरोग्य संघटनेने स्वीकारली, तिच्यात केवळ कृतीचा नव्हे तर योग्य कृती न करण्याचाही समावेश आहे. विश्वासाची अपेक्षा असलेल्या नात्यात घडलेली आणि वृद्धास इजा वा क्लेश पोहोचविणारी कृती, किंवा कृतीचा अभाव, असे तिचे स्वरूप आहे. हेळसांड ही या दुसऱ्या प्रकारात मोडते. मारहाणीला साक्षीदार असू शकतो; न पाजलेल्या पाण्याला साक्षीदार नसतो. याच संघटनेच्या माहितीनुसार संस्थांमध्ये काम करणाऱ्या दर तीन कर्मचाऱ्यांपैकी सुमारे दोघांनी गेल्या वर्षभरात आपल्या हातून वृद्धांबाबत काही ना काही गैरवर्तन घडल्याचे मान्य केले आहे. ही माहिती मुख्यतः सधन देशांतील आहे व ती तशीच आपल्याकडे लागू करता येणार नाही. तरीही कर्मचाऱ्यांनी स्वतःच दिलेली ही कबुली आहे, हे विसरून चालणार नाही.

येथे एका कौटुंबिक अनुभवाचा उल्लेख करणे आवश्यक वाटते. प्रस्तुत लेखिकेच्या आत्या खुब्याचे हाड मोडल्यानंतर अंथरुणाला खिळल्या. घरी दोघेही नोकरीला जाणारे. शेवटी त्यांना शेजारच्या जिल्ह्यातील एका सशुल्क वृद्धाश्रमात ठेवण्यात आले. आम्ही दर रविवारी जात असू. खोलीत उदबत्तीचा वास असे, चादर स्वच्छ असे, आत्या हसून बोलत. पांघरूण बाजूला करून पाहण्याचे आमच्यापैकी कोणाच्याही मनात आले नाही. पाचव्या महिन्यात ताप आला म्हणून रुग्णालयात हलविले, तेव्हा माकडहाडावरील जखम हाडापर्यंत गेलेली आढळली. पुढे आम्ही आश्रमाची नोंदवही मागितली. ‘कुशीवर वळविले’ या रकान्यात दर दोन तासांनी बरोबरची खूण होती. एकाच शाईने, एकाच हाताने, संपूर्ण महिनाभर. आत्या रुग्णालयात दाखल असलेल्या तीन दिवसांतही त्या खुणा होत्या.

त्या खुणा करणाऱ्या मावशींना दोष देणे सोपे आहे. लेखिकेनेही तो प्रथम दिलाच. परंतु साधा हिशोब करून पाहिला तर चित्र वेगळे दिसते. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीस दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी, असा शुश्रूषेतील रूढ संकेत आहे. एका मजल्यावर असे १२ वृद्ध आहेत आणि रात्रपाळीला एकच आया आहे, असे धरू. एकाला वळविणे, ओले झालेले कपडे बदलणे, उशी लावणे यांस किमान १० मिनिटे लागतात. बारा जणांचे १२० मिनिटे, म्हणजे बरोबर दोन तास. पहिल्या खाटेपासून शेवटच्या खाटेपर्यंत पोहोचताच पहिल्या खाटेची वेळ पुन्हा झालेली असते. तिने पाणी केव्हा द्यावे, औषध केव्हा द्यावे, स्वतः केव्हा बसावे? म्हणजे ती नोंदवही खोटी ठरणार, हे तिला कामावर घेतले त्याच दिवशी ठरलेले होते. हेळसांड ही अशी वेळापत्रकातच लिहिलेली असते. ती दुष्टाव्यातून क्वचितच जन्मते. बहुधा ती खर्चाच्या ताळेबंदातून जन्मते.

मनुष्यबळ अपुरे पडले की पुढच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. लघवीला वारंवार उठवावे लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणी कमी दिले जाते. रात्री ओरडणाऱ्या वृद्धास झोपेची गोळी दिली जाते. पडू नये म्हणून ओढणीने खाटेला बांधले जाते. यांतील प्रत्येक गोष्ट ‘त्यांच्याच भल्यासाठी’ या शब्दांत नातेवाइकांना सांगता येते आणि नातेवाइकांनाही ती ऐकून बरे वाटते.

संस्थाचालकांची बाजूही नोंदविली पाहिजे. अनेक संस्था देणग्यांवर चालतात आणि देणगी इमारतीला मिळते, आयाच्या पगाराला मिळत नाही. कोनशिलेवर नाव कोरता येते, रात्रपाळीवर कोरता येत नाही. प्रवेशाच्या वेळी दिलेला दूरध्वनी सहा महिन्यांनी लागेनासा होतो, अंत्यविधीलाही कोणी येत नाही, असे अनुभव चालकांच्या तोंडून ऐकावयास मिळतात व ते अविश्वसनीय वाटत नाहीत. जी मुले येत नाहीत त्यांच्या आईवडिलांची हेळसांड सर्वांत सहज होऊ शकते, हेही त्यातून निष्पन्न होते.

कायदा कोणाला विचारतो :

महाराष्ट्रात वृद्धांसाठी संस्थात्मक निवाऱ्याची परंपरा जुनी आहे. पुण्यातील डेव्हिड ससून अनाथ पंगु गृह, जे आज ‘निवारा’ म्हणून ओळखले जाते, ते एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकातील. राज्य शासनाने १९९५ मध्ये मातोश्री वृद्धाश्रम योजना आणली. २०११ च्या जनगणनेनुसार देशात ६० वर्षांवरील व्यक्तींची संख्या सुमारे १०.४ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. महाराष्ट्रात हे प्रमाण ९.९ टक्के, म्हणजे देशाच्या सरासरीहून अधिक होते.

आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ हा या क्षेत्रातील प्रमुख कायदा. त्यान्वये उपविभागीय अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे वृद्धास स्वतः, किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीस वा संस्थेस, अर्ज करता येतो. निर्वाहभत्त्याची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये आहे आणि अर्ज ९० दिवसांत निकाली काढावयाचा असतो. परंतु हा सवाल मुलांना व वारसदार नातेवाइकांना विचारलेला आहे. वृद्धाश्रमाला प्रतिवादी करून ‘माझी जखम कोणामुळे झाली’ असे तेथे विचारता येत नाही. कलम १९ वृद्धाश्रमांविषयी आहे. प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, निदान १५० निराधार वृद्धांना सामावणारे गृह शासनाने स्थापावे, असे त्यात म्हटले आहे. मात्र तेथे ‘स्थापन करू शकेल’ अशी भाषा आहे, ‘स्थापन करील’ अशी नाही. एका क्रियापदात किती आयुष्ये अडकू शकतात याचे हे उदाहरण आहे. शिवाय त्या कलमातील दर्जाविषयक योजना ही शासनाने स्थापिलेल्या गृहांच्या संदर्भात येते. खासगी आश्रमाच्या नोंदणीची सक्ती त्यातून सिद्ध होत नाही. कलम २४ मध्ये वृद्धाचा पूर्णतः त्याग करण्याच्या हेतूने त्याला कोठेही सोडून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. वृद्ध ज्याच्या देखभालीत वा संरक्षणात आहे अशी कोणतीही व्यक्ती त्यात येऊ शकते. पण अडचण अशी की आश्रमाने त्याग केलेला नसतो. वृद्ध त्यांच्याच खाटेवर असतो, शुल्कही चालू असते.

फौजदारी कायद्यात एक तरतूद आहे, जिच्याकडे विधी शाखेबाहेरील अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. रोग वा शारीरिक दुर्बलता यांमुळे असहाय असलेल्या व्यक्तीची देखभाल करण्यास जो कायदेशीर कराराने बांधलेला आहे व जो ती जाणूनबुजून करीत नाही, त्याला शिक्षा सांगणारे कलम ४९१ हे १८६० च्या भारतीय दंड संहितेपासून आहे. त्यातील दंड २०० रुपयांपर्यंत होता आणि तो दीडशेहून अधिक वर्षे तेवढाच राहिला. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत हेच कलम ३५७ झाले असून दंड ५,००० रुपयांपर्यंत वाढविण्यात आला आहे. कैद मात्र तीन महिन्यांपर्यंतच. शब्दरचना पाहता हे कलम वृद्धाश्रमातील हेळसांडीसाठीच लिहिले असावे असे वाटते. परंतु गुन्हा अदखलपात्र आहे, आणि मुख्य म्हणजे करार झाला असल्याचे दाखवावे लागते. आपल्याकडे प्रवेशअर्जावर सही असते ती मुलाची, आणि त्यात आश्रमाने काय करावयाचे हे क्वचितच लिहिलेले असते. ‘काही बरेवाईट झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही’ हे वाक्य मात्र हटकून असते. अशा वाक्याने निष्काळजीपणाची फौजदारी जबाबदारी संपत नाही. सशुल्क आश्रमाच्या बाबतीत तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील ‘अनुचित करार’ या संकल्पनेच्या आधारे त्याला आव्हान देण्याचा मार्ग खुला आहे.

ग्राहक कायद्याचा मार्ग सर्वांत जवळचा दिसतो, पण तोही अर्धवट आहे. विनामूल्य सेवा त्याच्या कक्षेबाहेर आहे. मग शुल्क न भरू शकणाऱ्या वृद्धाने काय करावे? १९९५ च्या इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या निकालात सर्वोच्च न्यायालयाने काही रुग्णांकडून शुल्क घेणाऱ्या व काहींना मोफत उपचार देणाऱ्या रुग्णालयांतील मोफत रुग्णांनाही ग्राहक मानले. निम्मे सशुल्क व निम्मे निःशुल्क वृद्ध असलेल्या आश्रमास हाच न्याय लावता येईल, असे लेखिकेचे मत आहे. विधी महाविद्यालयांतील सहकाऱ्यांनी त्यावर अधिक विचार करावा.

आत्यांच्या प्रकरणात आमचा पहिला प्रवास एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात झाला. बहुतेक आश्रम न्यास म्हणून नोंदलेले असल्याने महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० त्यांना लागू होतो. लेखापरीक्षित हिशेब दरवर्षी सादर करावे लागतात, गैरवर्तनाबद्दल विश्वस्तांना दूरही करता येते. आम्हाला मात्र एका अधिकाऱ्यांनी अत्यंत सौजन्याने सांगितले, “हिशोबात गडबड असेल तर लिहून द्या, मॅडम. जखमेचं आम्ही काय करणार?” त्यांचे चुकले असे म्हणता येत नाही. त्यांच्यासमोरच्या तक्त्यात जखमेसाठी रकानाच नव्हता. आरोग्य खात्याकडे जाण्याचे आम्हाला सुचले नाही. वास्तविक १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा रोग, इजा ‘किंवा दुर्बलता’ असलेल्यांना ठेवून घेऊन उपचार व शुश्रूषा करणाऱ्या जागांना लागू होतो. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी वेगळी खोली व नर्स ठेवणारा, त्याबद्दल जादा शुल्क घेणारा आश्रम या व्याख्येत का बसू नये, याचे समाधानकारक उत्तर लेखिकेस अद्याप मिळालेले नाही.

बालकांच्या संस्थांशी तुलना केली म्हणजे ही पोकळी अधिक ठळक होते. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार बालकांच्या प्रत्येक काळजी संस्थेची नोंदणी सक्तीची आहे. न केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड वा दोन्ही होऊ शकतात. तपासणी समित्यांची तरतूदही आहे. एवढे असूनही अत्याचार घडतात, हे खरे. पण २०१८ मध्ये मुझफ्फरपूर येथील बालिकागृहातील प्रकार उजेडात आला तो मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पथकाने केलेल्या सामाजिक लेखापरीक्षणातून. बाहेरचा कोणी आत गेला, मुलींशी एकट्यात बोलला आणि त्याने लिहून ठेवले. वृद्धांच्या बाबतीत असे बाहेरचे डोळे बहुधा घटना घडून गेल्यावरच पोहोचतात. जून २०२५ मध्ये नोएडा येथील एका आश्रमावर राज्य महिला आयोगाच्या पुढाकाराने धाड पडली आणि बांधून व कोंडून ठेवलेले वृद्ध आढळल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा देश काही दिवस हळहळला.

सर्वोच्च न्यायालयाने अश्वनीकुमार विरुद्ध भारत सरकार या याचिकेत १३ डिसेंबर २०१८ रोजी, प्रत्येक जिल्ह्यातील वृद्धाश्रमांची संख्या राज्यांकडून मागवावी असा आदेश दिला. संख्या मागवावी लागते याचा अर्थ ती हाताशी नव्हती. डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात खासगी वृद्धाश्रमांची व घरपोच शुश्रूषा पुरविणाऱ्या संस्थांची नोंदणी, किमान दर्जा, भत्त्याची कमाल मर्यादा काढून टाकणे अशा तरतुदी होत्या. ते संमत झाले नाही. २०२४ मध्ये सतरावी लोकसभा विसर्जित होताच व्यपगत झाले.

अन्यत्र काय केले गेले :

ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये या प्रश्नावर शाही आयोग नेमला. त्याच्या २०१९ च्या अंतरिम अहवालाचे शीर्षकच ‘हेळसांड’ या एका शब्दाचे होते. अंतिम अहवाल २०२१ मध्ये आला. पुढे तेथे प्रत्येक निवासी वृद्धामागे रोज किती मिनिटे शुश्रूषा मिळाली पाहिजे याचे बंधन घालण्यात आले आणि नोव्हेंबर २०२५ पासून नवा कायदा लागू झाला. अमेरिकेने १९८७ च्या सुधारणा कायद्याने वृद्धांना सोयीसाठी वा शिक्षा म्हणून बांधून ठेवण्यावर व गुंगीची औषधे देण्यावर निर्बंध आणले. या देशांत हेळसांड संपली असे मुळीच नाही. आपल्याला घेण्याजोगी गोष्ट एकच दिसते : त्यांनी ‘प्रेमाने सांभाळा’ असे न म्हणता मिनिटे मोजली. आयाला किती खाटा, हे एकदा कागदावर आले म्हणजे वर केलेला १२० मिनिटांचा हिशोब चालकालाच करावा लागतो.

आपल्याकडे मोजण्याला संकोच वाटतो, कारण आपण या कामाला ‘सेवा’ म्हणतो आणि सेवा करणाऱ्याला हिशोब विचारणे अप्रशस्त मानतो. हा संकोच परंपरेतून आला आहे असे म्हटले जाते. लेखिकेस ते पटत नाही. क्षेत्राच्या ठिकाणी देवाच्या सेवेची पाळी ठरलेली असते, आज पाळी कोणाची हे विचारले तर कोणी अपमान मानीत नाही, आणि आरतीला उशीर झाला तर भाविक तोंडावर बोलून दाखवितात. संकोच आहे तो उपकाराचा. आश्रमात ठेवून घेतले हेच उपकार झाले, असे वृद्धास वाटते, आणि दर रविवारी जाणाऱ्या नातेवाइकांनाही. आत्या जखमेविषयी आम्हाला का बोलल्या नाहीत, असे नंतर विचारले असता त्या म्हणाल्या, “तुम्ही गेल्यावर मला तिथंच राहायचं होतं ना.”

महाविद्यालयांच्या संदर्भात :

आपल्यापैकी अनेकजण राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी आहेत वा होते. वृद्धाश्रमात फळे वाटणे, विद्यार्थिनींनी गाणी म्हणणे, छायाचित्र आणि अहवाल हा क्रम आपल्या परिचयाचा आहे. लेखिकेनेही तीन वर्षे तो पाळला. त्या भेटींत रात्रपाळीला किती माणसे असतात हे एकदाही विचारले नाही. विचारणे अवघड नव्हते. विषयच डोक्यात नव्हता.

सामाजिक लेखापरीक्षण करण्याचा वैधानिक अधिकार महाविद्यालयास नाही, हे उघड आहे. परंतु संस्थेच्या संमतीने, वर्षातून चार वेळा, पूर्वसूचना न देता जाणे. अंथरुणाला खिळलेल्यांची व रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यांची संख्या लिहून घेणे. वृद्धाशी चालकाच्या अनुपस्थितीत दहा मिनिटे बोलणे. खोलीत १४५६७ हा ज्येष्ठांच्या राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक वाचता येईल अशा अक्षरांत लावला आहे का आणि फोन हाताशी आहे का हे पाहणे, एवढे करता येईल. जखम पाहण्याचे काम विद्यार्थ्यांचे नाही. त्यासाठी जवळच्या परिचर्या महाविद्यालयातील अध्यापिकांना सोबत न्यावे. ज्या संस्था संमती देणार नाहीत त्यांची नावे जाहीर करण्याची गरज नाही. नातेवाइकांनी विचारल्यास ‘तेथे आम्हाला जाऊ दिले नाही’ एवढे सांगितले तरी पुरे.

शिरोळ व हातकणंगले तालुक्यांतील नदीकाठच्या महाविद्यालयांस आणखी एक काम करण्याजोगे आहे. परिसरातील आश्रमांत आणि घरीही अंथरुणाला खिळलेले किती वृद्ध आहेत, त्यांना उचलण्यास किती माणसे लागतील, कोणाला प्राणवायू वा इन्सुलिन लागते, आणि त्यांना कोणत्या इमारतीत, कोणाच्या वाहनातून न्यावयाचे, याची नावनिशीवार यादी करता येईल. ती तहसील कार्यालयात मे महिन्यातच पोहोचली पाहिजे. महाविद्यालये जूनमध्ये उघडतात, आणि तोवर पहिला पाऊस झालेला असतो.